आर्सेनल की स्पर्स: यंदाचा सीझन नक्की कोणाचा?

राजवाड्याचा_गनर | सोमवार, २६ मे २०२५, रात्री ९:४०

काल प्रीमियर लीग संपली, आता हिशेब मांडून टाकू.

आर्सेनल दुसरे, ७४ गुण. टॉटनहॅम, म्हणजे स्पर्स, सतरावे, ३८ गुण. मध्ये ३६ गुणांची दरी. स्पर्सच्या खाली फक्त लेस्टर, इप्सविच आणि साउदम्प्टन, आणि ते तिघेही खालच्या डिव्हिजनमध्ये गेले. म्हणजे जे वाचले त्यांच्यात हे तळाला. ३८ पैकी २२ मॅच हरले. काल शेवटच्या दिवशीसुद्धा घरच्या मैदानावर ब्रायटनकडून ४-१ मार खाल्ला. दोन्ही डर्बी (लंडनच्या या दोन शेजाऱ्यांच्या आपसातल्या मॅच) आमच्या: सप्टेंबरात त्यांच्या घरी १-०, जानेवारीत आमच्याकडे २-१. चॅम्पियन्स लीगमध्ये आम्ही रिआल माद्रिदला दोन्ही लेगमध्ये हरवून सेमीफायनल गाठली.

आणि तरी गेल्या गुरुवारपासून माझ्या फोनवर एकच फोटो येतोय. चांदीचा कप. पाठवणारे तेच, जे मार्चमध्ये "या वर्षी फुटबॉल बघणं सोडलंय" म्हणत होते. त्यातले एक इथेही आहेत, येतीलच.

माझं मत सरळ आहे. सीझन ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मेमध्ये संपतो. एक रात्र चांगली गेली म्हणून बाकीचे नऊ महिने पुसून निघत नाहीत. पटत नसेल त्यांनी कारणं द्यावीत. फोटो नकोत.

---

व्हाइट_हार्ट_रामबाग | २६ मे, रात्री ९:५२

हजर.

तुझे आकडे सगळे बरोबर आहेत, एकही खोडत नाही. २२ हरलो, मान्य. इप्सविचसारख्यांना या सीझनमधला पहिला विजय आम्ही आमच्या घरी बोलावून दिला, तेही मान्य. आता एकच सांग. मे संपत आला, तुझ्या कपाटात यंदा काय आलं?

२१ मे, बिल्बाओ, सान मामेस. टॉटनहॅम १, मँचेस्टर युनायटेड ०. २००८च्या लीग कपनंतर पहिला कप. युरोपातला तर १९८४नंतर पहिला. माझा जन्म त्यानंतरचा आहे भिया.

आणि सप्टेंबरची आठवण करून देतो. डर्बी हरल्यावर आमचा कोच पोस्टेकोग्लू म्हणाला होता, दुसऱ्या सीझनला मी काहीतरी जिंकतोच. तेव्हा तू हसून हसून लोळला होतास. त्याच दिवशी पैज लावलीस, ज्याचा सीझन वरचढ त्याला दुसऱ्यानं इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, पोटभर खिलवायचं. कधी निघायचं?

---

राजवाड्याचा_गनर | २६ मे, रात्री ९:५८

वरचढ म्हणजे काय ते ठरलंच नव्हतं. म्हणून तर धागा काढला.

---

जीरावण_जास्त | २६ मे, रात्री १०:०३

आर्सेनलचा सीझन म्हणजे जीरावण मसाला नसलेले पोहे. स्पर्सचा म्हणजे नुसतं जीरावण, पोहेच नाहीत. दोघांनी एका प्लेटीत बसा, एक नीट टीम होईल.

---

तुकोगंजचा_कॉप | २६ मे, रात्री १०:११

पहिल्या नंबरावरून, म्हणजे लिव्हरपूलकडून, सर्वांना नमस्कार. ८४ गुण. आणि विजेतेपद पक्कं केलं ते कोणाला हरवून? आमच्या घरी ॲनफिल्डवर स्पर्सना ५-१. दुसऱ्या आणि सतराव्याचं चालू द्या, मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

---

सुदामानगरकर | २६ मे, रात्री १०:३०

मी क्रिकेटवाला, फुटबॉल नातवामुळे थोडंफार बघतो. एक बेसिक शंका. जो संघ स्वतःच्या देशात सतरावा आहे, त्याला युरोपच्या स्पर्धेत घेतलं कसं? आणि तो जिंकला कसा? आमच्या वेळी वर्गात सतरावा आलेल्याला स्कॉलरशिपला बसवत नसत.

---

मल्हारगंजची_मृण्मयी | २६ मे, रात्री १०:४७

काका, प्रवेश मागच्या वर्षीच्या क्रमांकावरून मिळतो. २०२३-२४मध्ये स्पर्स पाचवे होते, म्हणून यंदा युरोपा लीग. आर्सेनल दुसरे होते, म्हणून चॅम्पियन्स लीग, जी वरच्या दर्जाची स्पर्धा. देशातली लीग आणि ही स्पर्धा दोन्ही वेगवेगळ्या, पण एकाच वेळी चालू असतात. लीग शनिवार-रविवारी, युरोप आठवड्याच्या मध्ये.

जिंकले कसे, तर हिवाळ्यात त्यांची निम्मी टीम जायबंदी होती. गोलकीपर व्हिकारियोचा घोटा मोडला, रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन दोघेही सेंटरबॅक बाहेर. अठरा वर्षांचा आर्ची ग्रे, मूळचा मिडफिल्डर, बॅकला खेळत होता. डिसेंबर-जानेवारीत लीगमध्ये घसरगुंडी झाली ती त्यातून. पुढे खालचे तिघे इतके मागे पडले की स्पर्सना बुडायची भीती उरली नाही. मग कोचनं चांगले खेळाडू गुरुवारच्या युरोपा मॅचसाठी राखले आणि रविवारी दुय्यम टीम उतरवली. सतरावा नंबर थोडा नशिबानं आला, थोडा जाणूनबुजून घेतला.

आणि युरोपात ते लंगडत गेले असंही नाही. ३६ संघांच्या साखळीत चौथे आले, मग अल्कमार, फ्रँकफुर्ट, बोडो-ग्लिम्ट आणि फायनलला युनायटेड.

---

राजवाड्याचा_गनर | २६ मे, रात्री १०:५५

अल्कमार, फ्रँकफुर्ट, बोडो-ग्लिम्ट. मी फक्त नावं पुन्हा लिहिली, बाकी काही म्हटलं नाही.

---

व्हाइट_हार्ट_रामबाग | २६ मे, रात्री १०:५९

न्यूकॅसल, मँचेस्टर युनायटेड, पॅरिस. ही तुम्हाला यंदा तीन कपांतून बाहेर काढणाऱ्यांची नावं. मी पण बाकी काही म्हटलं नाही.

---

बडोद्याचा_बंड्या | २६ मे, रात्री ११:२०

युनायटेडवाला आहे, त्यामुळे फायनल डोळ्यांत तेल घालून बघितली. शपथेवर सांगतो, इतकी रद्दी मॅच युरोपच्या फायनलला झाली नसेल. पंधराव्या आणि सतराव्या नंबरची मॅच होती, ती तशीच दिसली. चेंडू बहुतेक वेळ आमच्याच पायात, आणि करायचं काय ते एकालाही सुचत नव्हतं. ४२व्या मिनिटाला स्पर्सच्या सारचा क्रॉस आला, चेंडू आमच्याच ल्यूक शॉच्या अंगाला लागून आत गेला आणि गोल ब्रेनन जॉन्सनच्या नावावर. तो गोल नीट दिसावा म्हणून चार वेळा रीप्ले लावावा लागला.

आणि यंदा स्पर्सनी आम्हाला चारदा हरवलं. लीगमध्ये दोनदा, लीग कपात ४-३, वर ही फायनल. तेव्हा गनरभाऊ, त्यांचा सीझन वाईट होता हे निदान माझ्यासमोर बोलू नका.

---

व्हाइट_हार्ट_रामबाग | २६ मे, रात्री ११:४१

बंड्याभाऊ, मॅच रद्दी होती, अगदी मान्य. पण ६८वं मिनिट विसरलात. ते लिहितो, कारण आयुष्यभर लक्षात राहणार आहे.

आमच्याकडे पहाटेपर्यंत वीज टिकेल याची खात्री नव्हती, म्हणून टीव्ही बंद ठेवून मोबाइलवरच बघत होतो. घरातले सगळे झोपलेले, आवाज शून्यावर. फ्रीकिकवर चेंडू आमच्या बॉक्समध्ये आला, व्हिकारियो पुढे धावला आणि फसला. चेंडू युनायटेडच्या होयलुंडच्या डोक्यावर, गोल उघडा. मी डोळे मिटायच्या बेतात होतो. आणि व्हॅन डे व्हेन मागे पळता पळता हवेत आडवा झाला, पाय डोक्याच्या वर गेला, आणि रेषेवरून चेंडू बाहेर! मोबाइलच्या स्क्रीनवर तो केवढासा दिसतो, सांगू. बोटभर माणूस हवेत झोपला होता.

मॅचनंतर सोनला बघितलं. दहा वर्षं या क्लबात, कॅप्टन, एकही कप नव्हता. अंगाला कोरियाचा झेंडा गुंडाळून रडत होता. आमचा जुना स्ट्रायकर केन तिकडे बायर्नला जाऊन याच महिन्यात पहिला कप जिंकला. एकाच मे महिन्यात दोघांचा उपास सुटला.

---

जीरावण_जास्त | २६ मे, रात्री ११:४४

साडेबाराची मॅच, अडीचला संपली. तोवर सराफ्यात दुकानदार कढया घासायला लागलेले असतात. पैज लावताना हा मुद्दा लक्षात घ्यायला हवा होता.

---

राजवाड्याचा_गनर | मंगळवार, २७ मे, सकाळी ८:१५

रात्रीच्या आठवणी काढायच्या तर ८ एप्रिल काढू.

आमचं मैदान एमिरेट्स, चॅम्पियन्स लीग क्वार्टरफायनलचा पहिला लेग, समोर रिआल माद्रिद. ५८व्या मिनिटाला फ्रीकिक, गोलपासून बऱ्यापैकी लांब, थोडी उजवीकडे. सगळ्यांना वाटलं क्रॉस टाकणार. डेक्लन राइसनं भिंतीच्या बाहेरून चेंडू असा वळवला की त्यांचा गोलकीपर कुर्त्वा हात लांबवूनही पोचला नाही. या माणसानं तोवर व्यावसायिक फुटबॉलमध्ये थेट फ्रीकिकवर एकही गोल केलेला नव्हता! ७०व्या मिनिटाला दुसरी फ्रीकिक, या वेळी वरच्या कोपऱ्यात. पाच मिनिटांनी मेरिनोचा तिसरा. ३-०. आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी बर्नाब्यूत जाऊन २-१. तिथे म्हणे माद्रिद काहीही उलटवतं, भल्याभल्यांची पाचावर धारण बसते.

हे सगळं हॅवर्ट्झ आणि जेझूस दोघेही स्ट्रायकर जायबंदी असताना. पुढे खेळत होता मेरिनो, म्हणजे मिडफिल्डर. साका तीन महिने बाहेर. फेब्रुवारीत सिटीला ५-१ धुतलं ते वेगळंच.

कप नाही, बरं. पण फुटबॉल म्हणून कोणाचा सीझन बघायला आवडला, ते छातीवर हात ठेवून सांगा.

---

तुकोगंजचा_कॉप | २७ मे, सकाळी ९:०२

गनर, फुटबॉल चांगलं होतं, वाद नाही. पण तुमच्या क्लबचा मागचा हिशेब तू दिलाच नाहीस, तो मी देतो. २०२२-२३ला ८४ गुण, २०२३-२४ला ८९, यंदा ७४. तिन्ही वेळा दुसरे, पण यंदा पंधरा गुणांनी खाली. ज्या वर्षी सिटी ढेपाळली, त्याच वर्षी तुम्ही १४ मॅच बरोबरीत सोडल्या. एप्रिलमध्ये ब्रेंटफर्डशी १-१, पॅलेसशी २-२. आमच्या मागे लागायच्या वेळीच तुम्ही थांबलात.

दोन स्ट्रायकर जायबंदी झाले म्हणतोस. एक जानेवारीतच गुडघा मोडून बसला होता आणि खेळाडूंचा बाजार उघडा होता. कोणी घेतला का?

---

राजवाड्याचा_गनर | २७ मे, सकाळी ९:१०

त्या प्रश्नावर माझं आणि तुझं भांडण नाही.

---

मल्हारगंजची_मृण्मयी | २७ मे, दुपारी १:३०

तुम्ही सगळे "आर्सेनलच्या कपाटात काय आलं" हे विचारताय, आणि गेल्या शनिवारी लिस्बनला काय झालं ते एकालाही ठाऊक नाही?

२४ मे, महिला चॅम्पियन्स लीग फायनल. आर्सेनल १, बार्सेलोना ०. ७४व्या मिनिटाला स्टिना ब्लॅकस्टेनियस, बदली म्हणून आलेली. बार्सेलोना सलग दोनदा जिंकलेली टीम होती. आणि वाट बघा कशी होती. पात्रता फेरीपासून सुरुवात. गटातली पहिलीच मॅच बायर्नकडून ५-२ हरल्या. कोच ऑक्टोबरात गेला, रेने स्लेगर्स आधी हंगामी म्हणून आली. क्वार्टरफायनलला माद्रिदकडून पहिला लेग ०-२, मग ३-०. सेमीला ल्योंकडून घरी १-२, मग त्यांच्या घरी जाऊन ४-१.

तुमचा प्रश्न "कोणत्या क्लबचा सीझन" असा आहे ना? मग युरोपचा मोठा कप आर्सेनलकडे आहे. पुरुषांच्या चॅम्पियन्स लीगच्या कपासारखा मोठे कान (मुठी) असलेला नसेल, पण स्पर्सचा तरी कुठे आहे. तोही बिनकानीच, पंधरा किलोचा.

---

राजवाड्याचा_गनर | २७ मे, दुपारी १:३४

ताई, तुमचे पाय कुठे आहेत?

---

व्हाइट_हार्ट_रामबाग | २७ मे, दुपारी १:५०

मृण्मयीताई, त्या जिंकल्या याचा आनंदच आहे, ल्योंची मॅच मी स्वतः बघितली. पण या गनरला विचारा, कालच्या पोस्टीत एवढे आकडे दिले, त्यात एकही ओळ महिला टीमवर होती का? आपली बाजू लंगडी पडल्यावर त्यांची आठवण. वरातीमागून घोडं.

---

मल्हारगंजची_मृण्मयी | २७ मे, दुपारी २:०५

यावर मात्र मी रामबागच्या बाजूनं.

---

महूवाला | २७ मे, रात्री ८:४५

आज जरा वेळ मिळाला. इंदुरात आर्सेनलचा कैवार घेणारा असला की मला एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही.

डेनिस कॉम्प्टन. इंग्लंडचा मोठा बॅट्समन म्हणून सगळ्यांना ठाऊक. पण हाच गृहस्थ आर्सेनलचा लेफ्ट विंगरही होता. १९४७-४८ला लीग जिंकणाऱ्या आणि १९५०ला एफए कप जिंकणाऱ्या टीममध्ये. (कॉप, १९५०ची फायनल लिव्हरपूलविरुद्ध होती, २-०. शेंगदाणे सांभाळा.) भाऊ लेस्ली आर्सेनलचा सेंटरहाफ.

दुसऱ्या महायुद्धात कॉम्प्टनची नेमणूक होती इंदूरजवळच्या आमच्या महूला. तेव्हा तो इंदूरच्या होळकर संघाकडून रणजी खेळला. १९४४-४५ची फायनल, ब्रेबॉर्न, समोर मुंबई. होळकरांपुढे जिंकायला ८६७ धावा. कॉम्प्टन नाबाद २४९. मुश्ताक अलींचं शतक. एवढं करून होळकर ४९२वर आटोपले, ३७४ धावांनी हरले. असं सांगतात की कोणा शेठजींनी कॉम्प्टनला शंभरानंतरच्या प्रत्येक धावेला पैसे कबूल केले होते. तो पॅव्हिलियनमध्ये परतला तेव्हा चिठ्ठी ठेवलेली, धंद्यासाठी तातडीनं कलकत्त्याला जावं लागलं.

आता मुद्द्यावर. ती फायनल मुंबईनं जिंकली. मुंबईकडून कोणी किती धावा केल्या ते इथल्या कितीजणांना सांगता येईल? आणि २४९ नाबाद ऐंशी वर्षांनी मी पाठ सांगतोय. दुसरा आलेला कोणी लक्षात ठेवत नाही हे म्हणणं इंदुरात तरी खपत नाही. होळकर संघ दहा वेळा रणजीच्या फायनलला गेला, चारदा जिंकला. उरलेल्या सहा फायनल आपण टाकून द्यायच्या का?

---

राजवाड्याचा_गनर | २७ मे, रात्री ८:५१

साष्टांग नमस्कार काका. होळकर आणि आर्सेनल एकाच माळेचे मणी, हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

---

जीरावण_जास्त | २७ मे, रात्री ८:५५

आणि तो शेठजी पुढे आर्सेनलच्या बोर्डावर गेला. जानेवारीत स्ट्रायकर मागितला की कलकत्त्याला जातो.

---

बडोद्याचा_बंड्या | २७ मे, रात्री ९:३०

होळकरांच्या त्या सहा फायनलपैकी दोन आमच्या हातून गेल्यात. १९४६-४७, बडोदा. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या विकेटला ५७७ धावा. एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकलो. त्या फायनलमधलं इंदूरकडचं काय पाठ आहे ते महूवाल्या काकांनी सांगावं.

---

सुदामानगरकर | २७ मे, रात्री ९:४८

त्याच्या आदल्याच वर्षी, १९४५-४६ला, फायनलमध्ये होळकरांनी बडोद्यालाच हरवून पहिली रणजी जिंकली होती. सी. के. नायडू कॅप्टन. ते पाठ आहे.

---

महूवाला | २७ मे, रात्री ९:५०

सुदामानगरकर, धन्यवाद. मी टाइपच करत होतो.

---

बडोद्याचा_बंड्या | २७ मे, रात्री १०:०२

फिटंफाट. पण ५७७ पुन्हा एकदा वाचा.

---

संपादक | २७ मे, रात्री १०:४०

रणजीचा स्वतंत्र धागा काढावा. इथे फुटबॉल. आणि दोन प्रतिसादांतले "दुष्मन" वगैरे शब्द काढले आहेत, बडोद्याचे सदस्य पाहुणे आहेत.

---

मल्हारगंजची_मृण्मयी | बुधवार, २८ मे, सकाळी ११:१५

मी एक साधी कसोटी सुचवते. देवानं विचारलं, सीझनची अदलाबदल करायची का? सगळा घ्यायचा, निवडून नाही. रामबाग, तुला दुसरा नंबर, ७४ गुण, माद्रिदवरचे दोन विजय, दोन्ही डर्बी, आणि कप नाही. गनर, तुला युरोपा लीग, आणि सतरावा नंबर, २२ पराभव, डर्बी दोन्ही हरलेल्या. एका शब्दात उत्तर.

---

व्हाइट_हार्ट_रामबाग | २८ मे, सकाळी ११:१८

नाही.

---

राजवाड्याचा_गनर | २८ मे, दुपारी १२:४०

आमचा सीझन तसाच ठेवून कप मिळाला तर...

---

मल्हारगंजची_मृण्मयी | २८ मे, दुपारी १२:४२

एका शब्दात म्हटलं होतं. आणि उत्तराला दीड तास लागला, हेही लिहून ठेवते.

---

राजवाड्याचा_गनर | २८ मे, दुपारी १:२०

विचार करत होतो, कारण प्रश्न खरा आहे. माझं उत्तर पण "नाही". आणि का, ते लिहितो. सोळा-सतरा वर्षांचा कोरडा काळ मी बघितलेला नाही. आमचा शेवटचा एफए कप २०२०चा, पाच वर्षं झाली, तेवढ्यातच जीव कासावीस होतो. रामबागला जे मिळालं ते त्याच्या भुकेला मिळालं. मला दर शनिवारी टीम हरताना बघवणार नाही. नोव्हेंबर ते मे, दर आठवड्याला. त्याला ते बघावं लागलं, आणि तो बघत राहिला (बंद केलंय म्हणत म्हणत).

सीझन चांगला कोणाचा, तर अजूनही आमचाच म्हणतो. सुखाचा कोणाचा, ते वेगळं.

---

सुदामानगरकर | शुक्रवार, ३० मे, सकाळी ७:३०

काल आयपीएलमध्ये आपल्या रजत पाटीदारची आरसीबी फायनलला पोचली, पंजाबला हरवून. इंदूरचा पोरगा कॅप्टन, आणि बेंगळुरूला आधीच्या सतरा सीझनमध्ये एकही कप नाही. जिंकली तर रामबागचं म्हणणं पटलं असं मी जाहीर करीन. साखळीत पंजाब पहिला होता, पण मंगळवारच्या फायनलनंतर ते कोणी विचारणार नाही.

---

तुकोगंजचा_कॉप | ३० मे, सकाळी ८:००

काका, आयपीएलमध्ये पहिल्या चारात आलं तरच पुढे जाता येतं. सतराव्याला नाही.

---

व्हाइट_हार्ट_रामबाग | ३० मे, सकाळी ८:०४

आयपीएलमध्ये सतरा टीमच नाहीत.

---

राजवाड्याचा_गनर | रविवार, १ जून, दुपारी १२:१०

काल पॅरिसनं चॅम्पियन्स लीग फायनलला इंटरची ५-० अशी कत्तल केली. सेमीला आम्ही त्यांच्याकडून ०-१ आणि १-२ हरलो होतो, दोन्ही मॅच शेवटपर्यंत जिवंत होत्या. इंटरचं काय झालं बघितलंत ना?

---

व्हाइट_हार्ट_रामबाग | १ जून, दुपारी १२:३०

ज्यानं आम्हाला मारलं तो पैलवान होता, हे सर्टिफिकेट फ्रेम करून लाव. कपाटात जागा आहेच.

---

सुदामानगरकर | बुधवार, ४ जून, सकाळी ६:५०

आरसीबी जिंकली, सहा धावांनी! रजत पाटीदार, इंदूर. २०२२ला मध्य प्रदेशनं मुंबईला हरवून पहिली रणजी जिंकली तेव्हाही फायनलला याचंच शतक होतं. रात्रभर झोप नाही. शब्द दिल्याप्रमाणे मी रामबागच्या बाजूला आलो.

---

महूवाला | गुरुवार, ५ जून, सकाळी ९:२०

काल बेंगळुरूत स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत माणसं गेली. जल्लोषाचा धागा दोन दिवस बंद ठेवला तर बरं.

---

व्हाइट_हार्ट_रामबाग | शनिवार, ७ जून, सकाळी १०:०५

काल रात्री बातमी बघितलीत? पोस्टेकोग्लूला नारळ.

सोळा दिवस. कप उचलल्यापासून सोळा दिवस. शहरात लाखोंची मिरवणूक काढली त्याच माणसाच्या पुढ्यात, आणि नंतर निवेदन, की मागच्या ६६ लीग मॅचमध्ये ७८च गुण मिळाले, भावनेच्या भरात निर्णय घेता येत नाही.

---

राजवाड्याचा_गनर | ७ जून, सकाळी १०:२०

मला खरंच वाईट वाटलं, पण हे लिहावंच लागेल. तुमच्याच मालकांनी आपल्या वादाचा निकाल दिला. त्यांनी लीगचे गुण मोजले. कप नाही मोजला.

---

व्हाइट_हार्ट_रामबाग | ७ जून, सकाळी १०:४५

मालक पुढच्या वर्षाचा विचार करतात, त्यांनी तो करावा. लीगमध्ये तो माणूस चुकला, यात शंका नाही, डिफेन्सची रेषा मैदानाच्या मध्यावर ठेवून खेळायचा हट्ट मला पण कधी पटला नाही. पण सतरा वर्षांत मूरिन्हो आला, कोन्ते आला, पोचेत्तिनो फायनलपर्यंत नेऊन आला. कप आणला तो यानं. तुमच्याकडे पाच वर्षं मोठा कप न जिंकलेला कोच आर्टेटा खुर्चीत आणि आमच्याकडे जिंकलेला घरी. हा हिशेब मालकांच्या वहीत बसत असेल, माझ्या नाही बसत.

पुढच्या सीझनला आम्हीपण चॅम्पियन्स लीगमध्ये आहोत, एवढं त्यानं देऊन ठेवलं.

---

मल्हारगंजची_मृण्मयी | ७ जून, सकाळी ११:३०

म्हणजे क्लब म्हणतो सीझन वाईट, चाहता म्हणतो अदलाबदल करणार नाही, आणि प्रतिस्पर्धीही म्हणतो अदलाबदल करणार नाही. माझं मत विचाराल तर गुणांचा सीझन आर्सेनलचा, आणि सराफ्याचा खर्चही आर्सेनलनंच करावा. पैज लावताना "वरचढ" कशात ते न ठरवण्याचा दंड समजा. रात्री अकराच्या आत जा, नंतर भुट्ट्याचा कीस संपतो.

---

राजवाड्याचा_गनर | ७ जून, सकाळी ११:४१

खर्च मान्य. निकाल अमान्य. रामबाग, बुधवारी मोकळा आहेस का? पाऊस नसला तर.

---

व्हाइट_हार्ट_रामबाग | ७ जून, सकाळी ११:४३

बुधवारी चालेल. कपाचा फोटो छापून आणतो, समोर ठेवून जेवू.

---

बडोद्याचा_बंड्या | ७ जून, दुपारी १२:१५

आमच्या युनायटेडचाही एक धागा काढू का? पंधरावे आलो, फायनल हरलो, चर्चेला भरपूर आहे.

---

संपादक | ७ जून, दुपारी १२:२०

काढा. पण अनुभव कथन विभागात.